‘महल’मधील पहिली रात्र : माळ्याची मुलगी आणि पाण्याखालचे गाव

आमच्या धर्मग्रामातील चार तरुण मुले-मुली गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्याकडे आली. मुळशी तालुक्यातील एका महाविद्यालयात ती चित्रपटविद्येचे शिक्षण घेत आहेत. वर्षअखेरीस प्रत्येक गटाने बारा मिनिटांचा एक लघुपट करून दाखवायचा असतो, आणि या चौघांनी भयपट करायचे ठरविले होते. विषयही तयार होता : मुळशी धरणात बुडालेले एक गाव, त्या गावातील एक बाई, आणि अमावास्येच्या रात्री पाण्यातून वर येणारी तिची पांढरी आकृती. सोबत एक यादी होती. तीत पांढरे लुगडे, केसांचा टोप, लाल रंगाची बाटली आणि धूर सोडणारे एक भाड्याचे यंत्र, अशा चार जिनसा होत्या. ‘भीती वाटेल ना?’ हा त्यांचा प्रश्न. त्याला तोंडी उत्तर देण्यापेक्षा त्यांना एक जुना चित्रपट दाखवावा, असे आम्ही ठरविले.

आम्ही निवडलेला चित्रपट होता १९४९ सालचा ‘महल’. तो धर्मग्रामाच्या सभागृहात दाखविण्याचे ठरले, तेव्हा एका मातेने आम्हाला थांबवून विचारले, ‘नोव्हेंबर महिना मृतांसाठी प्रार्थना करण्याचा. त्या महिन्यात मुलांना भुताखेताचे चित्रपट कशाला दाखवता?’ प्रश्न रास्त होता. चित्रपट संपेपर्यंत थांबावे, इतकीच विनंती आम्ही केली. त्या थांबल्या. त्यांच्या प्रश्नाकडे आपण पुढे येऊच.

प्रथम एका शब्दाविषयी. या जातीच्या कथांना व चित्रपटांना इंग्रजीत ‘गॉथिक’ म्हणतात. आपल्या वाचकांना हा शब्द चर्चच्या बांधणीवरून परिचित आहे. उंच टोकदार कमानी, रंगीत काचांतून झिरपणारा उजेड, खांबांच्या रांगा आणि वर अंधारात हरवलेले छत. होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने १७६४ साली एका शापित किल्ल्याची कादंबरी प्रसिद्ध केली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक दिले. तेव्हापासून हा शब्द बांधकामातून साहित्यात आला. गंमत अशी की देवाचे घर ज्या रीतीने बांधले, त्याच रीतीचे नाव पछाडलेल्या घराला मिळाले. परंतु यात काही सूत्र नाही असे नव्हे. दोन्ही ठिकाणी वास्तू बोलते, उजेड आणि अंधार बोलतात, आणि आत शिरणारा माणूस आपल्याहून मोठ्या अशा कशाच्या तरी समोर उभा राहतो. गॉथिक कथेत घर हे केवळ घटनेचे स्थळ नसते. त्या घरात पूर्वी काही घडलेले असते आणि त्याचा हिशेब पुरा झालेला नसतो.

‘महल’ हा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट. हिमांशु राय व देविका राणी यांनी १९३४ साली मालाडला उभी केलेली ही संस्था त्या काळी उतरणीला लागली होती. कमाल अमरोही यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. नायक अशोककुमार, नायिका मधुबाला. तिला तेव्हा सतरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. संगीत खेमचंद प्रकाश यांचे.  आणि कॅमेऱ्यामागे होते योझेफ विर्शिंग. हे म्युनिकचे जर्मन गृहस्थ १९२५ सालच्या ‘लाइट ऑफ एशिया’ या मूकपटाच्या निमित्ताने प्रथम भारतात आले, पुढे बॉम्बे टॉकीजचे छायालेखक झाले, दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ब्रिटिश सरकारच्या नजरकैदेत राहिले, आणि सुटल्यावर पुन्हा याच देशात कामाला लागले. १९६७ साली ते निवर्तले तेव्हा अमरोहींच्याच ‘पाकीजा’चे चित्रीकरण अपुरे होते. घर सोडून आलेल्या, तुरुंग पाहिलेल्या या माणसाने ‘महल’मधील अंधार रंगविला आहे. त्यांच्या चरित्राचा आणि त्या अंधाराचा संबंध जोडणे ही आमची कल्पना आहे. ती कोणी मान्य करावीच असा आमचा आग्रह नाही.

आता त्या पहिल्या रात्रीकडे वळू.

अलाहाबादेजवळ नदीकाठचा एक ओस पडलेला महाल. त्याचा नवा मालक हरिशंकर वादळी रात्री तेथे येतो. म्हातारा माळी त्याला महालाची गोष्ट सांगतो. चाळीस एक वर्षांपूर्वी एका पुरुषाने आपल्या प्रेयसीसाठी हा महाल बांधला. ती, कामिनी, दिवसभर वाट पाही. तो मध्यरात्री नावेतून येई आणि पहाटेपूर्वी निघून जाई. एका वादळी रात्री नाव बुडाली. मरता मरता त्याने परत येण्याचे वचन दिले. थोड्याच दिवसांत कामिनीही गेली.

येथे आम्ही चित्रपट थांबविला आणि मुलांना विचारले, ‘आतापर्यंत काय पाहिले?’ एकीने प्रामाणिकपणे उत्तर दिले, ‘काहीच नाही; नुसते ऐकले.’ तेच आम्हाला हवे होते. अमरोहींनी भूत दाखविण्याआधी भुताची गोष्ट सांगितली आहे. आपल्याकडे वीज गेली की आजी पडवीत बसून गोष्ट सांगायची, तेव्हा भीती कोठून यायची? माजघराच्या दाराशी कोणी उभे नसायचे. गोष्ट ऐकल्यानंतर मात्र ते दार आपल्याला वेगळे दिसू लागायचे. ‘महल’ हेच करतो. माळ्याची गोष्ट संपल्यानंतर त्या महालातील प्रत्येक खांब, जिना आणि पडदा आपण नव्या नजरेने पाहू लागतो. दिग्दर्शकाला त्यासाठी एक पैही जादा खर्च करावी लागलेली नाही. धुराच्या यंत्राचे भाडे वाचविण्याचा हा पहिला धडा.

मग तसबीर. हरिशंकर शयनगृहात जातो आणि भिंतीवरची एक तसबीर खाली पडते. तो ती उचलतो. तसबिरीतील मृत पुरुषाचा चेहरा त्याचाच आहे. हे पडणे वाऱ्यामुळे की आणखी कशामुळे, हे चित्रपट सांगत नाही, आणि न सांगण्यातच त्याचे शहाणपण आहे. सामान्य भयपटात भूत बाहेरून येते आणि माणसावर झडप घालते. येथे भीतीला बाहेरून यावेच लागत नाही. ती भिंतीवर आपल्याच चेहऱ्याने टांगलेली होती. हरिशंकर त्या क्षणापासून महालाला घाबरत नाही. तो महालाचा होतो. आम्हाला हा चित्रपटातील सर्वांत खरा क्षण वाटतो. माणूस नाशाकडे ओढला जातो तो बहुधा किंचाळत नव्हे, तर आपल्याला आपले खरे स्थान सापडले अशा आनंदाने. धर्मगुरूंनी प्रवचनातून मोहाविषयी जे अनेकदा सांगितले आहे, ते येथे एका पडलेल्या तसबिरीने सांगितले आहे.

आणि मग तो आवाज. ‘आयेगा आनेवाला’ हे गीत आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात आहे, म्हणून त्याच्या गोडव्याविषयी लिहीत नाही. ते कसे बांधले आहे एवढेच पाहू. मुखड्यापूर्वी काही ओळी तालाविना, अगदी सावकाश येतात. त्या दुरून आल्यासारख्या वाटतात, कारण त्या खरोखरच दुरून आलेल्या आहेत. लता मंगेशकर यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला होता. त्या लांब कोपऱ्यात उभ्या राहून गाऊ लागल्या आणि गात गात पावलापावलाने जवळ येत मुखड्यापाशी मायक्रोफोनपर्यंत पोहोचल्या. त्यांचे वय त्या वेळी वीस वर्षांच्या आसपास होते. आवाज कमी-जास्त करणारी आजची कोणतीही यंत्रणा हाताशी नव्हती. एक मुलगी खोलीभर चालली, आणि ऐकणाऱ्याला वाटले की मृत्यूपलीकडून कोणी चालत येत आहे.

मुलांपैकी जो ध्वनीचे काम पाहतो, तो येथे पहिल्यांदा वहीत काही लिहू लागला. त्याच्या खिशातला मोबाइल विर्शिंगच्या काळच्या सर्व यंत्रांहून सोयीचा आहे. परंतु त्याने तोवर प्रत्येक आवाज तोंडाजवळ धरूनच मुद्रित केला होता आणि अंतर नंतर संगणकावर ‘घालायचे’ असे ठरविले होते. घातलेले अंतर आणि चाललेले अंतर यांत फरक असतो. चालणाऱ्या माणसाचा श्वास बदलतो, भिंतींवरून परतणारा आवाज पावलागणिक बदलतो. कानाला त्याचे नाव सांगता येत नाही, पण ते कळते.

याच गीतासंबंधी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्याची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव नव्हते. ‘कामिनी’ असे पात्राचे नाव छापले होते. रेडिओवर गीत वाजू लागल्यावर ही गाणारी कोण, अशी श्रोत्यांकडून विचारणा होऊ लागली. म्हणजे काही काळ ते गीत खरोखर एका अस्तित्वात नसलेल्या स्त्रीने गायिले होते. जिवंत गायिकेचे श्रम एका काल्पनिक मृत स्त्रीच्या नावावर जमा झाले. हा योगायोग चित्रपटाच्या कथेशी किती विलक्षण जुळतो, ते पुढे दिसेल.

हरिशंकर आवाजाच्या मागे जातो. एका दालनात ती बसलेली दिसते. तो पोहोचेपर्यंत ती नाही. बागेत झोपाळ्यावर ती दिसते. मग पाण्यावर नावेत दिसते. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे अंतर. ती कधीच अंगावर येत नाही. प्रत्येक वेळी आपण तिच्याकडे जातो आणि ती दूर सरते. आजच्या भयपटात पडद्यावर एकाएकी चेहरा येतो, कर्कश आवाज होतो आणि प्रेक्षक खुर्चीत उडतो. तो दचका आहे. दारावर फटाका फोडला तरी तेच होते. ‘महल’मध्ये दचका जवळजवळ नाही. ओढ आहे. भीती आणि ओढ यांना एकाच दोरीने बांधणे, हे गॉथिक कलेचे मर्म.

विर्शिंगच्या उजेडाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. जर्मन मूकपटांनी सावलीला एक पात्र केले होते. मुर्नाऊच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेरातू’मध्ये जिना चढणारी पिशाचाची सावलीच आपल्याला दिसते आणि तेवढी पुरते. विर्शिंग त्याच देशाच्या चित्रपटांत तयार झाले होते. परंतु ‘महल’मध्ये त्यांनी सावली इतकी उघड वापरलेली नाही. तेथे अंधार मऊ आहे. मुलांनी आम्हाला दाखविलेल्या चाचणी-चित्रीकरणात रात्र म्हणजे सपाट काळा पडदा होता आणि त्यात बॅटरीचा पांढरा झोत. तशा अंधाराला खोली नसते. आम्ही त्यांना ईस्टरच्या जागरणविधीची आठवण दिली. त्या रात्री चर्चमधील सारे दिवे मालवलेले असतात. दाराशी पास्काची मेणबत्ती येते. त्या एका ज्योतीने चर्च उजळत नाही. उलट ते किती मोठे आणि किती अंधारे आहे हे तेव्हाच प्रथम कळते. पुढच्या बाकावरच्या माणसाच्या कानाची कड दिसते, एखाद्या खांबाचा अर्धा भाग दिसतो, आणि उरलेले मन भरून काढते. लहानपणापासून दर वर्षी आपण ही प्रकाशयोजना पाहत आलो आहोत. आपल्या मुलांना ती परदेशी पुस्तकांतून शिकण्याची गरज नसावी.

येथपर्यंतचा चित्रपट आम्ही निःसंकोच थोर मानतो. पुढचा तसा नाही, हेही सांगितले पाहिजे. मध्यंतराकडे झुकता झुकता पटकथा पसरते. नाचगाण्याची मोहिनी घालून नायकाला सोडविण्याचा मित्राचा प्रयत्न, वडिलांनी लावून दिलेले लग्न, दूरच्या रानातील घर, वटवाघळे व साप, विष, कोर्ट, फाशीची शिक्षा, असे एकामागून एक येत जाते. पहिल्या रात्री एका तसबिरीने जे साधले, ते नंतर सापांना व वटवाघळांना साधत नाही. विशेष खटकते ते हरिशंकरच्या पत्नीचे, रंजनाचे, हाल होणे. ज्याने तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातले तो तिच्याकडे पाहत नाही. रात्र झाली की त्याचे मन महालाकडे धावते. तिने शेवटी विष घेतले आणि त्याचा आळ नवऱ्यावर येईल अशी व्यवस्था केली. चित्रपट तिला मत्सरी ठरवून मोकळा होतो. आमच्या मते या कथेत कोणी खरोखर पछाडलेले असेल तर ती रंजना. तिच्या घरात भूत नव्हते. नवऱ्याचे न पाहणे होते.

परंतु चित्रपटाचे सारे रहस्य उलगडते ते कोर्टात. कामिनी नावाचे भूत नाहीच. महालात गाणारी ती आशा, माळ्याची मुलगी. लहानपणापासून ती महालाची गोष्ट ऐकत वाढली आणि त्या मृत प्रेयसीच्या प्रेमकथेत स्वतःला पाहू लागली. आता मागे वळून पाहा. भुताच्या रूपात ती हरिशंकरला सांगते की मला मिळवायचे असेल तर एक तर मर, नाही तर माळ्याच्या मुलीशी लग्न कर. पहिल्यांदा हे वाक्य आपण चमत्कारिक म्हणून ऐकतो. रहस्य कळल्यावर ते काळजाला भिडते. ती गरीब मुलगी भुताच्या तोंडून विनवीत होती की मला बघ. चिरेबंदी महालाच्या मालकाला मेलेली कामिनी हवी होती. रोज त्याच बागेत फुले वेचणारी जिवंत आशा त्याला दिसत नव्हती. बुरखा घेतलेली ही मुलगी त्याच्या समोरून जाते तेव्हा तो नजर उचलत नाही, आणि रात्री तिच्याच आवाजामागे धावत सुटतो.

चित्रपट संपल्यावर त्या मातेला आम्ही काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, ‘म्हणजे भूत नव्हतेच! नुसती दुर्लक्षित माणसे होती.’ समीक्षक म्हणून आम्ही चार पाने खर्चून याहून नेमके लिहू शकलो असतो असे वाटत नाही. मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या माणसाला मृतांची भीती बाळगण्याचे कारण नसते, हे त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही त्यांनीच दिले.

यानंतर मुळशीची गोष्ट. ‘महल’मधील नदी आणि बुडालेली नाव पाहून मुले खूष झाली होती; आपल्याकडेही पाणी आहे, आणि पाण्याखाली गाव आहे! त्यांना वाटले आपली कथा तयारच आहे. चित्रीकरणाची जागा नक्की करायला ती धरणाच्या काठच्या एका वाडीवर गेली, तेव्हा आम्हीही सोबत होतो. पौड मागे टाकले की सह्याद्रीच्या रांगा जवळ येऊ लागतात, आणि पुढे ताम्हिणीपर्यंत रस्ता जलाशयाच्या कडेकडेने जातो. पावसाळ्यानंतरच्या त्या दिवसांत सकाळी धुके पाण्यावरून उठते आणि डोंगराच्या कुशीत अडकून बसते. भाड्याच्या धुराचा विषय तेथेच संपला. या डोंगरांनी यापूर्वीही चित्रपटाला हात दिला आहे. बिमल रॉय यांनी १९५८ च्या ‘मधुमती’चे चित्रण नैनितालकडे केले, त्यातील बराच भाग धूसर निघाला, तेव्हा इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात खोटी पाइनची झाडे उभारून उरलेले काम केले. ‘मधुमती’ हीदेखील वादळी रात्रीच्या जुन्या हवेलीचीच कथा आहे. अगदी अलीकडे, २०१८ साली, ‘तुंबाड’ने सह्याद्रीचा पाऊस आणि पडका वाडा किती भयावह होऊ शकतो ते दाखविले. त्यातही राक्षसापेक्षा माणसाची हाव मोठी आहे.

वाडीवर एका घरी आम्ही पाणी मागितले. मोठी पडवी, शेणाने सारवलेले अंगण, कोपऱ्यात चूल. घरातील आजी ऐंशीच्या घरातील. मुलांनी अंगणात एक रात्र चित्रीकरण करू द्यावे अशी विनंती केली आणि उत्साहाने गोष्ट सांगितली : बुडालेले गाव, त्यातली बाई, अमावास्या. आजी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘माझ्या सासऱ्याचं गाव हाये त्या पाण्यात. गाव बुडालं, आमी न्हाय बुडालो. आमचं भूत कशापायी करताय, पोरांनो? आमी अजून हितंच हाय की.’

कोणी काही बोलले नाही. आजींनी राग धरला नव्हता. त्यांनी सर्वांना चहा दिला. परतताना गाडीत ज्या मुलीने पटकथा लिहिली होती ती एवढेच म्हणाली, ‘सर, आपण माळ्याच्या मुलीला पाहिलेच नाही.’

ज्या वाचकांना हा इतिहास ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांच्या वीज कंपनीने मुळशी पेट्यात मुळा नदीवर धरण बांधण्याचे ठरविले. पन्नासच्या आसपास गावे त्याखाली येणार होती. जमिनी ताब्यात घेण्याची रीत आणि मोबदला यांविरुद्ध मावळे उठले. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते होते. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्याचा इतिहास लिहून ठेवला आहे. बायकामुलांसह लोक तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि धरण झाले. पाणी डोंगरापलीकडे कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरले, आणि वीज मुंबईला गेली. मालाडच्या स्टुडिओतील दिवे कोणत्या पाण्यावर पेटत होते, याचा शोध आम्ही घेतलेला नाही. पण ‘महल’ पुन्हा पाहताना हा विचार आता आमचा पाठलाग सोडणार नाही.

जगातील पहिल्या धरणविरोधी लढ्यांपैकी एक म्हणून या सत्याग्रहाचे नाव आज अभ्यासक घेतात. असे असता त्या गावांतील स्त्रीला आपण पांढरे लुगडे नेसवून, केस सोडून, पाण्यातून वर काढणार होतो. का? तर प्रेक्षकाला घटकाभर घाबरविण्यासाठी. हरिशंकरने आशाशी जे केले तेच आपण या वाडीशी करत होतो. मेलेली बाई आपल्याला हवी होती, कारण ती मोबदला मागत नाही आणि चहाही करून देत नाही.

याचा अर्थ मुळशीवर गॉथिक चित्रपट होऊ नये असा मात्र आम्ही काढत नाही. उलट, ज्या वास्तूत घडलेल्या गोष्टीचा हिशेब अपुरा आहे तीच गॉथिक कथेची जागा, असे आम्ही आरंभी म्हटले. त्या न्यायाने हे जलाशय आपल्या परिसरातील सर्वांत मोठे गॉथिक घर आहे. प्रश्न एवढाच की त्या घरात कोणाला उभे करायचे.

मुलांनी पटकथा पुन्हा लिहिली. तीत आता भूत नाही. शहरातून आलेला एक सर्वेक्षक तरुण पाण्याकाठच्या घरी रात्र काढतो. आजी त्याला गावाची गोष्ट सांगते. कोणत्या घराच्या पुढे फणस होता, देऊळ कोणत्या अंगाला होते, हे अंधारात बोटाने दाखविते. आपल्याला पाणी दिसते. तिला आळी दिसते. रात्री तरुणाला दुरून जात्यावरची ओवी ऐकू येते. तो कंदील घेऊन काठापर्यंत जातो. आवाज पाण्याकडून येतो आहे असे त्याला वाटते, आणि परत वळतो तेव्हा कळते की तो पाठीमागून, घरातून येत होता. आजीच पहाटे उठून जात्यावर बसली आहे. ती त्याच्याकडे पाहते आणि गात राहते.

या दृश्यासाठी ‘महल’ची रीत तशीच उचलली आहे, पण उलटी करून. तेथे आवाज दुरून जवळ येतो. येथे मुलांनी आजींना जागेवर बसवून मोबाइल हातात घेतलेल्या मुलालाच चालायला लावले : काठापासून अंगणापर्यंत, अंगणातून पडवीत, पडवीतून जात्याशी. आजी गातात त्या ओव्या त्यांच्या सासूच्या. एका ओवीत बुडालेल्या गावाचे नाव येते. पहिल्या दोन रात्री बेडकांनी काम होऊ दिले नाही. तिसऱ्या रात्री जमले. उजेड एका कंदिलाचा आणि चुलीतील निखाऱ्यांचा. पडवीचा खांब अर्धा दिसतो, आजींच्या हातातील बांगड्यांची कड दिसते, बाकी अंधार. संपूर्ण लघुपटात आम्हाला हे दृश्य निर्दोष वाटले, आणि समीक्षकाला असे लिहिण्याची संधी क्वचित मिळते.

उणिवाही आहेत. सर्वेक्षकाचे काम करणारा मुलगा प्रत्येक वाक्यानंतर भुवया उंचावतो. गावाचा इतिहास सांगणाऱ्या पाट्या आरंभी एकामागून एक येतात. आजींच्या बोलण्यात जे येतेच ते पाट्यांनी आधी सांगून टाकले आहे. अमरोहींच्या माळ्यावर जेवढा विश्वास टाकला होता, तेवढा मुलांनी आपल्या आजींवर टाकायला हवा होता.

आणि शेवट. ओवी संपल्यावर मुलांनी एक शेवटची चौकट ठेवली आहे : पहाटेच्या धुक्यात पाण्यावर एक रिकामी नाव, तीत जळता दिवा. चौकट देखणी आहे, ‘महल’ला वाहिलेली आदरांजली आहे, हे सारे खरे. परंतु त्या नावेत पुन्हा कोणीतरी मेलेले बसले आहे, आणि जात्याशी बसलेली बाई आपण विसरतो. ती चौकट काढावी असे आम्ही त्यांना दोनदा सांगितले. पटकथा लिहिणारी मुलगी आमच्या बाजूची आहे. कॅमेरा सांभाळणारा ऐकत नाही, कारण त्या एका चित्रासाठी तो पहाटे तीन वाजल्यापासून गुडघाभर पाण्यात उभा होता. लघुपट महाविद्यालयात द्यायला अजून आठवडा आहे. त्याआधी तो वाडीवर नेऊन आजींना दाखवायचा असे ठरले आहे, आणि नावेचे काय करायचे ते त्यांनाच विचारायचे आहे.